अकोल्याच्या त्या गोलामागची जाळी

मित्रांनो, बडनेऱ्याच्या रस्त्याला किसनरावांची भाजीपाल्याची वाडी आहे. मागच्या हिवाळ्यापर्यंत तिथल्या कारल्याच्या मांडवावर तुम्ही मला पाहिलं असतं, तर "काय ही जुनाट जाळी!" म्हणून पुढे गेला असता. जा बापा, माझं काय जातं! पण मी मुळात कारल्याची नाही. मी फुटबॉलच्या गोलामागे बांधतात ती जाळी आहे. आता जुनी झाले, रंग उडाला, जागोजागी ठिगळं आहेत. तरी माझ्याच पोटात एकदा तो गोल पडला होता, ज्यानं अमरावतीच्या आमच्या कॉलेजाला विद्यापीठाचा कप मिळवून दिला. म्हणजे लोक तसं म्हणतात. खरं काय ते त्या मैदानावर मला माहीत होतं आणि आणखी दोन माणसांना. मला तोंड नाही, म्हणून मी गप्प राहिले. त्या दोघांना तोंड होतं. त्यातला एक ओरडून ओरडून थकला आणि दुसरा काही बोललाच नाही.

मला शकुननं विणलं. शकुन ही किसनची मोठी बहीण. तेव्हा किसनराव नुसते किसन होते, कॉलेजात शिकत होते आणि फुटबॉल टीमचे कॅप्टन होते. त्या काळी मैदानावर नुसते दोन खांब आणि वर एक आडवा बांबू. चेंडू जोरात गेला की निम्मे लोक म्हणायचे आतून गेला, निम्मे म्हणायचे बाहेरून. मग कॉलर धराधरी! एका मॅचमध्ये किसनचा शर्ट फाटला, तेव्हा तो घरी येऊन म्हणाला, "ताई, तू दोडक्याच्या येलाले जाळी इणते, तशीच एक मोठी इणून दे न."

"कायले? तुमच्या कॉलेजात दोडके लावले काय?" शकुन म्हणाली. तिची जीभ तिच्या सुईपेक्षा तेज होती. पण दुसऱ्याच दिवशी विहिरीजवळच्या लिंबाखाली नायलॉनची दोरी घेऊन ती बसली. हात इतका पक्का की माझं एकेक घर दुसऱ्याशी जुळायचं. कॉलेजाच्या पोरांनी मला पहिल्यांदा खांबाला बांधलं आणि पहिला चेंडू माझ्या अंगावर येऊन थांबला, तेव्हा मला इतका आनंद झाला की काय सांगू!

आता नीट ऐका, कारण सगळं रामायण इथूनच सुरू होतं. वेलाची जाळी बांधायची भाजीवाल्यांची एक पद्धत असते. वरची कड आणि बाजूच्या कडा घट्ट बांधायच्या, पण खालच्या कडेला सरकगाठ मारायची. एक दोरा ओढला की गाठ सुटते, कड वर करता येते. मग आत हात घालून निंदण करायचं, पाणी द्यायचं, कड पुन्हा खाली सोडायची. किसन लहानपणापासून रोज सकाळी हेच करत आला होता. फुटबॉलच्या जाळीची खालची कड मात्र सगळ्यात घट्ट हवी, तिला खुंट्या ठोकाव्या लागतात. पण आमची काळी माती! उन्हं तापली की ती अशी भेगाळते की खुंटी मुठीत धरून उपटावी. म्हणून किसन खुंट्यांच्या भानगडीत पडायचाच नाही. दगडाला दोरी लावायचा आणि सवयीनं सरकगाठ मारून मोकळा व्हायचा. त्याच्या बोटांना दुसरी गाठ यायचीच नाही. वर्षभर त्यात काही बिघडलं नाही, म्हणून कुणाच्या लक्षातही आलं नाही.

ते वर्ष आमच्या टीमचं होतं. यवतमाळची टीम हरली, खामगावची हरली. गोल करायचा तो संघपाल. हा बडनेऱ्याच्या रेल्वे क्वार्टरमधला पोरगा, उंच, काटक, आणि पायात नुसती वीज. त्याचे वडील रेल्वेत गँगमन होते. रुळावर काम करताना त्यांचा पाय गेला आणि घर बसलं. संघपालला नोकरी मिळायची ती शेवटची संधी होती. रेल्वेचे एक साहेब त्याला म्हणाले होते, "जिंकलेल्या टीममधला एक खेळाडू आम्ही घेऊ. हरलेल्यातला नाही." टीममधल्या सगळ्या पोरांना हे ठाऊक होतं. किसनला तर जास्तच, कारण संघपाल त्याचा जीव की प्राण होता. एका डब्यात जेवणारे दोघं.

फायनल अकोल्याला होती. बडनेऱ्याहून गाडीत बसलो, पोरं डबा डोक्यावर घेत होती, मी पोत्यात. संघपाल मात्र मुकाट खिडकीशी बसला होता. किसन त्याला म्हणाला, "घाबरू नको बे. आज तुही नोकरी पक्की करूनच वापस येतो आपण."

मैदानावर अकोल्याची सगळी माणसं लोटली होती. तेव्हाचा रिवाज असा की दोन्ही टीमनी आपापली जाळी आणायची आणि वाट्याला आलेल्या गोलामागे ती आपल्याच हातानं बांधायची. मी मावळतीकडच्या गोलाला गेले. किसननं घाईघाईत बांधलं, वर पक्कं, बाजूला पक्कं, खाली सरकगाठी. पहिल्या अर्ध्यात कुणाचाच गोल झाला नाही. मध्ये पोरांनी शेंदूरजनाघाटची संत्री सोलून खाल्ली आणि बाजू बदलल्या. आता अकोल्याचा गोली माझ्यासमोर उभा राहिला. त्याचं नाव देवमन. रुंद खांद्याचा, शांत पोरगा. त्यानं जाळीला हात लावून पाहिला आणि म्हणाला, "मस्त इणली हाय बापा." आपल्याला कुणी चांगलं म्हटलं की बरं वाटतंच ना! मला तो आवडला.

दुसरा अर्धा संपत आला तरी गोल होईना. संघपालचे दोन फटके देवमननं झेप घेऊन अडवले. धूळ इतकी उडाली होती की पलीकडचा खांब दिसेना. रेल्वेचे साहेब खुर्चीवरून उठून उन्हात उभे होते, घड्याळाकडे बघत होते. संघपालच्या चेहऱ्यावर तर रडूच होतं. आणि तेवढ्यात त्याला चेंडू मिळाला. त्यानं कोपऱ्यातून, जमिनीलगत, जीव खाऊन लाथ मारली. देवमननं अंग टाकलं, हात पोचला नाही. पण चेंडूही खांबाच्या आतून गेला नाही. तो खांबाच्या बाहेरून आला, माझ्या बाजूच्या खालच्या कोपऱ्यावर आदळला, सरकगाठ सुटली, कड आत उचलली गेली आणि चेंडू खालून सरपटत माझ्या पोटात येऊन पडला.

धूळ खाली बसली तेव्हा लोकांना काय दिसलं? चेंडू जाळीत! पंचांनी शिट्टी वाजवली. "गोल!" आमची पोरं नाचायला लागली, संघपालला खांद्यावर घेतलं. साहेब टाळ्या वाजवत होते. देवमन उठला आणि ओरडला, "बाहेरून आला! सर, बाहेरून आला, जाळीखालून! आईशप्पथ!" पण हरणारा गोली असं ओरडतोच, असं सगळ्यांना वाटलं. त्याच्याच टीममधल्या एकानं त्याला दटावलं, "सोडला न चेंडू? आता कायले बोंबलतं?"

पंच माझ्याकडे चालत यायला लागले. त्यांच्या आधी किसन धावत पोचला. त्यानं पाहिलं. सुटलेली गाठ पाहिली, आत दुमडलेली कड पाहिली. स्वतः मारलेली गाठ कुठल्या बाजूनं ओढली की सुटते हे त्याला कुणी सांगायला नको होतं. त्यानं मागे वळून पाहिलं. संघपाल खांद्यावर बसून आकाशाकडे हात जोडत होता. मला वाटलं, आता बोलेल. बोल रे किसन! पण त्यानं पायानं माझी कड हळूच बाहेर ओढली आणि दगडाखाली दाबली.

"कॅप्टन, जाळी तुमची ना? बांधलेली नीट आहे ना?" पंचांनी विचारलं.

"हो सर. नीट हाय," किसन म्हणाला.

देवमननं त्याच्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. मग तो गोलाच्या तोंडाशी तसाच बसला, मॅच संपली तरी उठला नाही.

कप अमरावतीला आला, मित्रांनो. स्टेशनवर ढोल, गुलाल, मिरवणूक! माझ्याही अंगावर हार टाकला. फोटोत संघपाल मध्ये आहे, किसन कडेला, आणि किसन कॅमेऱ्याकडे बघत नाहीये. संघपालला नोकरी लागली. त्याच्या घरी चूल पेटली, धाकट्या बहिणींची लग्नं झाली, पोरं शिकली. हे सगळं खरंच झालं आणि ते चांगलं झालं, हेही मी सांगते. मी काही कुणाच्या भाकरीवर उठणारी नाही.

आणि देवमन? तो पुन्हा गोलात उभा राहिला नाही. अकोल्याच्या बाजारात त्याचं फुलांचं दुकान आहे. बाजारात त्याला एक नाव पडलं, 'बाहेरून आला'. हार घ्यायला येणारी पोरं विचारायची, "देवमनभाऊ, ह्या शेवंत्या आतून आल्या का बाहेरून आल्या?" आणि खी खी करायची. पोरं मोठी झाली, त्यांची पोरं आली, त्यांनीही तेच विचारलं. मला हे कसं कळलं? किसनरावांची भाजी अकोल्याला जाते. ड्रायव्हर येऊन हसत हसत सांगायचा आणि किसनराव ते ऐकून न जेवता उठायचे.

माझी काही वर्षं कॉलेजाच्या हॉलमध्ये गेली. मग अडगळीत. उंदरांनी घरं केली. एक दिवस कचऱ्यात टाकणार होते, तेव्हा किसनरावांनी मला घरी आणलं. शकुननं ठिगळं लावली आणि मी कारल्याच्या मांडवावर चढले. वाईट नव्हतं हो, हिरवी पानं, चिमण्या. पण रोज सकाळी किसनराव खालची गाठ सोडताना त्यांची बोटं अडखळायची. रोज. मला ते सोसवत नसे.

मागच्या हिवाळ्यात कॉलेजात माधवी मॅडम आल्या. खेळाच्या नव्या शिक्षिका, उत्साही. त्यांनी ठरवलं, जुन्या चॅम्पियन टीमचा सत्कार करायचा आणि मला काचेच्या पेटीत ठेवायचं. अकोल्याच्या टीमलाही बोलावलं. देवमननं निरोप पाठवला, "येतो. पण जाळी त्या दिवशी बांधली होती तशीच बांधा, ज्यानं बांधली होती त्यालेच बांधू द्या, आन मले किक मारू द्या. मंग मी काई म्हणत नाई."

माधवी मॅडमला ती गंमत वाटली. किसनरावांना घाम फुटला. ते मांडवावरून मला उतरवायला लागले. शकुन आता म्हातारी झाली आहे, बाजेवर बसली होती. ती म्हणाली, "कशी बांधशीन?"

किसनराव माझ्या घड्या घालत राहिले.

"ते गाठ तुले मीच शिकोली. कशी सुटते, कोठून सुटते, मले नाई समजत काय? तवा जाळी धुताना पाह्यली मी, कोपरा आत ताणेल होता. तू सांगशीन म्हून वाट पाह्यली. बुढी झाली वाट पाहू पाहू."

"संघपालच्या तोंडाकडे कसा पाहू, ताई?"

"आन देवमनच्या तोंडाकडे पाहता येते तुले?"

सत्काराच्या दिवशी मैदान भरलं होतं. पांढऱ्या केसांची ती सगळी पोरं एकमेकांच्या पोटांवर चापट्या मारत होती. आता गोल लोखंडी आहे, आणि खालच्या दांडीला स्टीलचे हुक. माधवी मॅडम म्हणाल्या, "सर, खाली हुक लावा ना, एकदम टाइट बसेल."

किसनराव खाली वाकले. त्यांनी हुक हातात घेतला आणि माझ्या खालच्या कडेत अडकवला. मग पुढचा. मित्रांनो, माझा जीव खालीवर व्हायला लागला! हुकात मी घट्ट बसले की चेंडू आपटून परत जाणार आणि देवमन सगळ्यांसमोर पुन्हा खोटा ठरणार. या खेपेला कायमचा. मी ओरडले असते, किसन, नको रे! पण जाळीला कुठला आवाज.

तेवढ्यात संघपाल आला. रेल्वेतून निवृत्त झालेला, पोट सुटलेला, प्रसन्न. त्यानं किसनरावांच्या गळ्यात हात टाकला. "काय गा किसन, आजही जाळी तूच बांधून राह्यला? तो गोल नसता न, त आमचं घर बुडालं असतं. माही माय मरेपर्यंत तुह्या नावानं दिवा लावे."

तो गेला. लोक म्हणायला लागले, "झालं का भाऊ?" मग किसनरावांनी हुक काढला. दुसराही काढला. खिशातून दोरा काढला आणि मारली, सरकगाठ. गाठ बरोबर बसली.

देवमन मैदानात आला. दाढी पिकलेली, गुडघ्याला पट्टा. त्यानं चेंडू ठेवला आणि बाहेरच्या बाजूनं लाथ मारली. चेंडू वर गेला, माझ्या बाजूला लागून परत आला. लोक हसले. कुणीतरी मागून ओरडलं, "बाहेरून आला!" दुसऱ्या लाथेला तर चेंडू लांबूनच गेला. देवमन धापा टाकत होता. माधवी मॅडम म्हणाल्या, "राहू द्या काका, आता फोटो काढू." लोक उठायला लागले. देवमन चेंडू शोधत फिरत होता, त्याचे डोळे भरले होते, त्याला नीट दिसतही नसावं.

किसनरावांनी चेंडू उचलला. ते माझ्याजवळ आले, खांबाच्या बाहेर खाली बसले आणि जमिनीवर बोट ठेवलं. ते मोठ्यानं बोलले, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"इथं मार, देवमन. वर नको. इथून आला होता. या गाठीतून."

उठलेली माणसं परत खाली बसली. देवमननं चेंडू ठेवला. हळूच, म्हाताऱ्या पायानं मारला. गाठ सुटली, कड उचलली आणि चेंडू खालून सरपटत माझ्या पोटात आला. कुणी टाळी वाजवली नाही.

संघपाल पुढे आला. "तुले माईत होतं?"

"हो."

"तवापासून?"

"तवापासून. तुही नोकरी होती बे. मले दुसरं काई सुचलं नाई."

संघपाल देवमनकडे वळला, त्यानं हात जोडले. "भाऊ, मले खरंच माईत नव्हतं. तो कप तुमचा हाय. आताच्या आता घेऊन जा."

"कप घेऊन काय करू? दुकानात मांडू?" देवमन म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. तो गोलाच्या तोंडाशी खाली बसला आणि त्यानं माझ्या कडेवर हात ठेवला. "नोकरी केली तुमी, चांगलं केलं. मले तुमच्यावर राग नाई. माही माय मागच्या पोळ्याले गेली. तिलेबी वाटे का पोरगा हारला म्हून खोटं बोल्ला. शेवटी शेवटी मह्या डोक्यावरून हात फिरवे आन म्हणे, जाऊ दे बापा, लहान होता तू, मी माफ केलं तुले." तो किसनरावांकडे वळला. "मीन काई केलंच नव्हतं गा, किसन."

किसनराव त्याच्या पायाशी बसून लहान पोरासारखे रडले. देवमननं त्यांना उठवलं नाही आणि दूरही केलं नाही.

आता मी काचेच्या पेटीत आहे. खाली पाटी लावायची आहे, पण काय लिहायचं ते माधवी मॅडमला अजून सुचलेलं नाही. बाजारात देवमनला आता कुणी चिडवत नाही म्हणे. चांगलंच आहे. पण त्याच्या गेलेल्या मायला कोण जाऊन सांगणार?

मित्रांनो, जाळ्या जपा, उन्हात टाकू नका, खालची कड घट्ट बांधा, हे तर मी सांगणारच, मी जाळी आहे. पण आणखी एक ऐका. कुणी खरं बोलतोय आणि त्याच्यावर कुणाचा विश्वास बसत नाहीये, आणि ते खरं आहे हे तुम्हाला ठाऊक आहे, असं कधी झालं, तर त्याच दिवशी उभं राहून सांगा. दोस्ताचं नुकसान झालं तरी सांगा. त्याची माय घरी वाट बघत असते.